आर्मेनियातील तरुणाची लोकसेवेकडे जाणारी शैक्षणिक वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांच्या वातावरणात वाढलेल्या मराठी वाचकाला दुसऱ्या एखाद्या छोट्या देशातील मुले सरकारी सेवेत कशी शिरतात याचे कुतूहल असते. आर्मेनियाविषयी असे प्रश्न अनेकदा विचारले जातात, कारण तेथे शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांमुळे त्या देशाचे नाव आता आपल्याकडे अपरिचित राहिलेले नाही. त्यांतील नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत.

आर्मेनियात यूपीएससी किंवा एमपीएससीसारखी एकच मोठी परीक्षा असते का?

नसते, आणि पुढची सारी उत्तरे समजून घेण्यासाठी हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो. आपल्याकडे उमेदवार प्रथम सेवेत निवडला जातो आणि त्याला पद व ठिकाण नंतर मिळते. आर्मेनियात आधी एखाद्या मंत्रालयातील एखादे विशिष्ट पद रिकामे होते, त्या एका पदाची जाहिरात निघते आणि त्या एका पदासाठी स्पर्धा होते. त्यामुळे एका परीक्षेच्या निकालाने आयुष्य फिरले असे तेथे सहसा घडत नाही. भाषा, विद्याशाखा, मुलांच्या बाबतीत लष्करी सेवा, परदेशी शिष्यवृत्ती आणि मग पहिले पद अशा लहानमोठ्या निर्णयांची ती साखळी असते आणि त्यांतला प्रत्येक निर्णय पुढच्या निर्णयाला बांधून टाकतो.

देशाचा आकारही ध्यानात ठेवावा. २०२२ च्या जनगणनेनुसार आर्मेनियाची लोकसंख्या सुमारे २९ लाख आहे, म्हणजे पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशाहूनही कमी. एवढ्या लहान देशात लाखो उमेदवारांची चाळण लावणारी यंत्रणा उभारण्याची गरजच पडत नाही.

तेथे लोकसेवा म्हणजे नेमके काय?

मंत्रालये व सरकारी कार्यालयांतील नागरी सेवा हा तिचा मुख्य भाग आहे. त्याखेरीज राजनैतिक सेवा, करवसुली व सीमाशुल्क, पोलीस, न्याययंत्रणा आणि स्थानिक स्वराज्य संस्थांची सेवा यांचे नियम वेगवेगळे आहेत. मंत्री, खासदार अशी राजकीय पदे या सर्वांपासून निराळी धरली जातात.

शालेय शिक्षणाचा या वाटेशी संबंध कोठून येतो?

आर्मेनियातील शालेय शिक्षण बारा वर्षांचे आहे : चार वर्षे प्राथमिक, पाच वर्षे माध्यमिक आणि शेवटची तीन वर्षे ‘अवाग दप्रोत्स’ म्हणजे वरिष्ठ शाळा. शाळेत दहापैकी गुण मिळतात. विद्यापीठाच्या एकत्रित प्रवेशपरीक्षेत मात्र वीसपैकी. पुढे कायदा, राज्यशास्त्र किंवा आंतरराष्ट्रीय संबंध घ्यायचे असतील तर आर्मेनियन भाषा, आर्मेनियाचा इतिहास आणि एक परकीय भाषा हे विषय भक्कम असावे लागतात. कोणत्या शाखेसाठी कोणते विषय हे विद्यापीठ जाहीर करते आणि त्यात वेळोवेळी बदलही होतात. तरी या तीन विषयांवर पकड असलेला विद्यार्थी सहसा अडत नाही.

यांतील आर्मेनियन भाषेकडे बाहेरचा माणूस हमखास दुर्लक्ष करतो. मातृभाषाच तर आहे, तिची परीक्षा ती काय, असे त्याला वाटते. परंतु मेस्रोप माश्तोत्स यांनी इ. स. ४०५ च्या सुमारास घडवलेली स्वतंत्र लिपी, तिचे शुद्धलेखन, विरामचिन्हांची स्वतःची पद्धत आणि बोलीपेक्षा बरीच काटेकोर असलेली प्रमाण लिखित भाषा या सर्वांचा कस या परीक्षेत लागतो. ऱ्हस्व-दीर्घाने ज्यांचे गुण गेले आहेत अशा मराठी वाचकाला याचे दुःख वेगळे सांगायला नको. शिवाय ही पीडा प्रवेशाबरोबर संपत नाही. सरकारी टिपणी लिहिताना तीच भाषा रोज समोर असते.

तेथेही खासगी शिकवण्या असतात का?

असतात, आणि भरपूर असतात. प्रवेशपरीक्षेच्या उमेदवाराला ‘दिमोर्द’ म्हणतात, आणि वरिष्ठ शाळेच्या शेवटच्या एक-दोन वर्षांत बहुतेक दिमोर्द विषयागणिक एकेका शिक्षकाच्या घरी जाऊन शिकतात. मोठ्या क्लासच्या सभागृहाऐवजी तेथे जेवणाच्या टेबलाभोवती बसलेली चार-पाच मुले, मधोमध प्रश्नसंच आणि स्वयंपाकघरातून येणारा कॉफीचा वास असे दृश्य अधिक दिसते. खर्चाचा भार मात्र आपल्यासारखाच आईवडिलांवर पडतो, आणि राजधानीबाहेरच्या कुटुंबांना तो जास्त जाणवतो, कारण चांगले शिकवणारे बरेचसे येरेवानमध्ये एकवटले आहेत.

कोणत्या विद्यापीठाकडे ओढा असतो?

पहिले नाव येरेवान राज्य विद्यापीठाचे. पहिल्या आर्मेनियन प्रजासत्ताकाच्या सरकारने १६ मे १९१९ रोजी त्याच्या स्थापनेचा निर्णय घेतला आणि ३१ जानेवारी १९२० रोजी ते आजच्या ग्युम्री शहरात, म्हणजे तेव्हाच्या अलेक्झांद्रोपोलमध्ये, सुरू झाले. निर्वासितांचे लोंढे, उपासमार आणि युद्ध चालू असताना नवजात राज्याने विद्यापीठ काढले, कारण राज्य चालवायला शिकलेली माणसे लागणार होती. त्या पहिल्या प्रजासत्ताकाचे आयुष्य जेमतेम अडीच वर्षांचे ठरले; विद्यापीठ टिकले.

दुसरे नाव आर्मेनियातील अमेरिकन विद्यापीठाचे. ते २१ सप्टेंबर १९९१ रोजी, स्वातंत्र्याच्या सार्वमताच्या दिवशीच, उघडले गेले. कॅलिफोर्निया विद्यापीठाशी ते संलग्न आहे आणि तेथे शिक्षण इंग्रजीतून होते. सुरुवातीला फक्त पदव्युत्तर अभ्यासक्रम होते. पदवीचे वर्ग २०१३ पासून सुरू झाले. येथील राज्यशास्त्र, कायदा आणि सार्वजनिक आरोग्य यांचे पदव्युत्तर विद्यार्थी मंत्रालयांत आणि आंतरराष्ट्रीय संस्थांत दिसतात. यांखेरीज रशियन-आर्मेनियन विद्यापीठ, फ्रेंच विद्यापीठ आणि राज्य अर्थशास्त्र विद्यापीठ यांचेही विद्यार्थी शासनात आहेत. सरकारी अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी १९९४ मध्ये लोकप्रशासनाची स्वतंत्र संस्था निघाली, तर परराष्ट्र मंत्रालयाने २००९ मध्ये स्वतःची राजनय प्रशाला काढली.

आर्मेनिया २००५ मध्ये युरोपातील बोलोन्या प्रक्रियेत, म्हणजे उच्च शिक्षणाची रचना देशोदेशी सारखी करणाऱ्या करारात, सामील झाला. आता पदवी साधारणपणे चार वर्षांची आणि पदव्युत्तर शिक्षण दोन वर्षांचे असते, आणि तेथील श्रेयांक युरोपात समजतात. संशोधनाच्या पदवीला मात्र अजूनही सोव्हिएत वळणाने ‘विज्ञानाचा उमेदवार’ असे म्हणतात, आणि परदेशी विद्यापीठाला अर्ज करताना हा उमेदवार म्हणजे कोण हे समजावून सांगण्यात बराच कागद खर्ची पडतो.

शिक्षणाचा खर्च कोण करतो?

काही जागा सरकारी खर्चाच्या असतात आणि बाकीच्या शुल्काच्या. सरकारी जागा गुणांवर मिळतात आणि कायदा किंवा आंतरराष्ट्रीय संबंध अशा मागणीच्या शाखांत त्या फारच थोड्या असतात. ग्युम्रीहून येरेवानला आलेल्या विद्यार्थ्याला शुल्काइतकीच घरभाड्याचीही चिंता असते. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. रोज जाऊन-येऊन करण्यास जास्त, आणि रविवारी घरून जेवणाचे डबे भरून आणण्यास सोयीचे.

कायदा किंवा राज्यशास्त्रच घ्यावे लागते का?

नाही. स्वतंत्र आर्मेनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष लेव्हॉन तेर-पेत्रोस्यान हे भाषाशास्त्रज्ञ. येरेवानमध्ये प्राच्यविद्या शिकून त्यांनी लेनिनग्राडला पुढील अभ्यास केला आणि मातेनादारान या हस्तलिखित संग्रहालयात प्राचीन सिरियाक व आर्मेनियन ग्रंथांवर काम केले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले आर्मेन सार्किस्यान भौतिकशास्त्राचे. २०१८ मध्ये पंतप्रधान झालेले निकोल पाशिन्यान पत्रकारितेचे विद्यार्थी होते आणि पदवी हाती पडण्याआधीच त्यांना विद्यापीठाबाहेर पडावे लागले होते. अर्थात ही राजकीय नेतृत्वाची उदाहरणे आहेत आणि त्यांच्या बळावर कोणी अभ्यास सोडू नये. नागरी सेवेतील पदाला पदवी मागितली असेल तर ती दाखवावीच लागते. एवढे मात्र खरे की पर्यावरण मंत्रालयाला भूगर्भशास्त्रज्ञ लागतो आणि अर्थ मंत्रालयाला सांख्यिकी जाणणारा. प्रत्येक पदाची स्वतंत्र स्पर्धा असल्यामुळे विषयाचे खोल ज्ञान येथे वाया जात नाही.

मुलांच्या लष्करी सेवेचे काय?

ज्या कुटुंबात मुलगा आहे तेथे शिक्षणाची चर्चा याच प्रश्नापाशी येऊन थांबते. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या तरुणाला सक्तीची लष्करी सेवा करावी लागते आणि अनेक वर्षे तिची मुदत चोवीस महिन्यांची होती. बहुतेक मुले शाळा संपवतात, प्रवेशपरीक्षा देतात, विद्यापीठात जागा मिळवतात आणि वर्गात जेमतेम रुळतात न रुळतात तोच सैन्यात जातात. जागा राखलेली असते. परत येतात तेव्हा त्यांच्याबरोबरच्या मुली पदवीच्या तिसऱ्या वर्षाला पोहोचलेल्या असतात. एकाच वर्गातून निघालेल्या बहीणभावांच्या वाटा अशा फाकतात, आणि मंत्रालयातील कनिष्ठ पदांवर मुली लवकर का दिसतात याचे एक कारण येथे सापडते.

पूर्वी शिक्षणासाठी सेवा पुढे ढकलण्याची सवलत बरीच मोकळी होती. २०१७ च्या अखेरीस नव्या कायद्याने ती आवळली, तेव्हा येरेवानमधील विद्यार्थ्यांनी वर्गांवर बहिष्कार घालून आंदोलन केले. सरकारची बाजू अशी होती की सवलतीच्या आडून पैसेवाल्यांची मुले सैन्य टाळतात. विद्यार्थ्यांचे म्हणणे असे की संशोधनाकडे वळू पाहणाऱ्याची लय दोन वर्षांत तुटते. माझ्या मते दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. त्याच सुमारास दोन ऐच्छिक पर्याय आले. त्यांतील ‘पातीव उनेम’, म्हणजे ‘मला हा मान आहे’, या योजनेत विद्यार्थ्याला शिक्षण पूर्ण करू दिले जाते, शिक्षणाबरोबर लष्करी प्रशिक्षण मिळते आणि त्यानंतर तो तीन वर्षे अधिकारी म्हणून सेवा करतो.

लोकसेवेच्या दृष्टीने यात एक कडक अट आहे. कायद्याचा भंग करून ज्याने सक्तीची सेवा टाळली त्याला सरकारी सेवेचे दार बंद होते. अझरबैजानबरोबरच्या २०२० च्या युद्धात ज्यांच्या वर्गातील बाके रिकामी झाली त्या पिढीला ही अट जाचक वाटत नाही.

परदेशी शिष्यवृत्तीचा उपयोग होतो का?

होतो. अमेरिकेची फुलब्राइट, ब्रिटनची चेव्हनिंग, युरोपीय संघाची इरॅस्मस आणि जर्मनीची डाड या शिष्यवृत्त्यांवर आर्मेनियन विद्यार्थी लोकधोरण, कायदा व प्रशासन शिकायला जातात. चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव आधी लागतो आणि शिक्षणानंतर दोन वर्षे मायदेशी परतावे लागते. फुलब्राइटलाही मायदेशी दोन वर्षे राहण्याची अट आहे. त्यामुळे पदवी, मग मंत्रालयात किंवा स्वयंसेवी संस्थेत दोन-तीन वर्षे, मग एक वर्ष बाहेर आणि परत, असा क्रम पुष्कळांचा असतो.

प्रत्यक्ष पदासाठीची स्पर्धा कशी होते?

नागरी सेवेचा पहिला कायदा डिसेंबर २००१ मध्ये झाला. सध्याची व्यवस्था मार्च २०१८ च्या कायद्यावर उभी आहे. त्याचा पाया म्हणजे ‘पदाचा पासपोर्ट’. शब्द चमत्कारिक वाटला तरी तेथे तोच रूढ आहे. माणसाला पासपोर्ट असतो तसा खुर्चीलाही. एखाद्या विभागातील ‘तज्ज्ञ’ या कनिष्ठ पदाचा हा कागद उघडला तर त्यात पदाचा संकेतांक, ते कोणाच्या हाताखाली आहे, कामे कोणती, अधिकार कोणते, शिक्षण कोणते लागते आणि कोणत्या क्षमता असाव्यात हे क्रमाने लिहिलेले असते. क्षमतांच्या यादीत समस्या सोडवणे, अहवाल तयार करणे, माहिती गोळा करून तिचे विश्लेषण करणे आणि सचोटी अशा नोंदी आढळतात.

रिकाम्या पदासाठी सेवेत असलेल्यांची अंतर्गत स्पर्धा आणि बाहेरच्यांसाठी खुली स्पर्धा असे दोन प्रकार आहेत. नवख्या पदवीधराला खुल्या स्पर्धेकडे डोळे लावून बसावे लागते. स्पर्धेचे टप्पे दोन : आधी चाचणी, नंतर मुलाखत. चाचणीत राज्यघटना, लोकसेवा व नागरी सेवेचे कायदे आणि त्या पदाच्या विषयाशी निगडित कायदे येतात. कोणत्या कायद्यांवर प्रश्न येणार हे जाहिरातीतच कळते, त्यामुळे पाठांतराची तयारी करता येते. खरी पंचाईत मुलाखतीत होते. तेथे कलम किती हे विचारत नाहीत. दोन खात्यांनी एकाच प्रस्तावावर परस्परविरुद्ध अभिप्राय दिले आणि मुदत उद्याची आहे, तर तुम्ही काय कराल, अशा धाटणीचा प्रश्न येतो. वीसपैकी एकोणीस गुण मिळवत आलेला हुशार विद्यार्थी अशा वेळी गडबडतो, कारण शाळा आणि शिकवणी या दोन्ही ठिकाणी त्याला बरोबर उत्तर एकच असते असे शिकवलेले असते.

पहिल्या स्पर्धेत निवड झाली नाही तर?

पुढची जाहिरात पाहावी. एका पदाच्या स्पर्धेत मागे पडल्याने दुसऱ्या पदाचा हक्क जात नाही.

वशिल्याशिवाय निवड होते का?

हा प्रश्न आर्मेनियन आईवडीलही विचारतात. सोव्हिएत काळात आणि नंतरच्या दोन-अडीच दशकांत ‘ओळखीचा माणूस’ हा पदवीइतकाच महत्त्वाचा समजला जाई. ३१ मार्च २०१८ रोजी पाशिन्यान यांच्या नेतृत्वाखाली ग्युम्रीहून पायी निघालेला सरकारविरोधी मोर्चा एप्रिलमध्ये येरेवानला पोहोचला, विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले आणि २३ एप्रिलला पंतप्रधान सेर्झ सार्ग्स्यान यांनी राजीनामा दिला. त्या आंदोलनात भ्रष्टाचाराबद्दलची चीड मोठी होती. त्यानंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक आयोग स्थापन झाला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या मालमत्ता व उत्पन्नाच्या विवरणपत्रांची तपासणी त्याच्याकडे गेली. तरीही तीस लाखांच्या देशात मुलाखत घेणारा उमेदवाराच्या मावशीचा वर्गमित्र निघणे ही सहज संभवणारी गोष्ट आहे. कायदा हितसंबंध जाहीर करायला लावतो, ओळखच नसावी अशी व्यवस्था करू शकत नाही.

पगार किती असतो?

२०१३ च्या वेतन कायद्यात ६६,१४० द्राम (द्राम हे आर्मेनियाचे चलन) हा मूळ आकडा अनेक वर्षे राहिला आणि प्रत्येक पदाला ठरलेल्या गुणकाने तो गुणून वेतन काढले जाई. कनिष्ठ पदाचे वेतन येरेवानच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपुढे फिके पडते. त्यामुळे गणित आणि संगणक येणारी मुले राज्याच्या हातून निसटतात, ही तक्रार तेथे नेहमी ऐकू येते आणि ती खरी आहे.

येरेवानबाहेर राहून ही वाट धरता येते का?

येते. ग्युम्री, वानाद्झोर आणि गोरिस येथे राज्य विद्यापीठे आहेत. गेल्या दशकात लहान गावे एकत्र करून मोठ्या स्थानिक संस्था बनवल्या गेल्या. ९१५ संस्थांच्या जागी आता सत्तरच्या आसपास उरल्या आहेत. पूर्वी ज्या गावात सरपंच आणि एक कारकून एवढाच कारभार होता तेथे आता अर्थसंकल्प, जमीन आणि पाणीपुरवठा पाहणारी कार्यालये आहेत, आणि त्यांना शिकलेली माणसे हवी आहेत. ‘टीच फॉर आर्मेनिया’सारखा दोन वर्षे ग्रामीण शाळेत शिकवण्याचा उपक्रमही काही पदवीधर निवडतात. मंत्रालयात बसून शिक्षणधोरण लिहिण्याआधी हिवाळ्यात शाळेची खोली कशी तापवतात हे पाहिलेले बरे, असे माझे मत आहे.

परदेशात वाढलेल्या आर्मेनियनांना आणि काराबाखच्या विस्थापितांना संधी आहे का?

२००७ पासून दुहेरी नागरिकत्वाला मुभा आहे. परदेशस्थ व्यावसायिकांना वर्षभर सरकारी संस्थांत काम देणारा ‘आयगॉर्ट्स’ हा कार्यक्रम २०२० मध्ये सुरू झाला. खासदार किंवा मंत्री होण्याची अट मात्र कडक आहे : वय किमान पंचवीस, आधीची चार वर्षे केवळ आर्मेनियाचेच नागरिकत्व, तेवढाच काळ देशात वास्तव्य आणि आर्मेनियन भाषेचे ज्ञान.

सप्टेंबर २०२३ मध्ये नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या वादग्रस्त प्रदेशावर अझरबैजानने ताबा मिळवला तेव्हा तेथून एक लाखाहून अधिक लोक आर्मेनियात आले. त्यांना सरकारने तात्पुरत्या संरक्षणाखालील निर्वासितांचा दर्जा दिला आणि नागरिकत्वासाठी अर्ज करण्याचा मार्ग ठेवला. भाषा तीच, शाळेची पुस्तकेही जवळजवळ तीच; पण नागरी सेवेला नागरिकत्व लागते. काराबाखच्या मुख्य शहरात, स्तेपानाकेर्तमध्ये, शिकत असलेल्या मुलीला येरेवानमध्ये वर्गात बसता येते, स्पर्धेचा अर्ज भरण्याआधी मात्र तिला हा एक कागद मिळवावा लागतो. तो मिळवायचा की परतण्याचा हक्क जपण्यासाठी निर्वासितच राहायचे, हा निर्णय अनेक घरांत अवघड ठरला आहे.

या विषयाचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो आर्मेनियाच्या इतिहासाच्या अभ्यासातच येतो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात मद्रासमधील आर्मेनियन व्यापारी शाहामीर शाहामीर्यान यांच्या छापखान्यातून भावी आर्मेनियासाठी ५२१ कलमांचा राज्यघटनेचा मसुदा निघाला. त्या वेळी आर्मेनियाचे राज्यच अस्तित्वात नव्हते. पहिले आर्मेनियन नियतकालिक ‘आझदारार’ हेही १६ ऑक्टोबर १७९४ रोजी मद्रासमध्येच निघाले, आणि तो दिवस आर्मेनियात पत्रकारदिन म्हणून पाळतात. मुंबईच्या फोर्ट भागातील आर्मेनियन चर्च त्याच काळातले, १७९६ चे.

येरेवानमध्ये वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला तेथील नागरी सेवेत जाता येईल का?

आर्मेनियन नागरिकत्वाशिवाय नाही. उलट दिशेची वाहतूक मात्र चालू असते : भारत सरकारच्या आयटेक या प्रशिक्षण कार्यक्रमाखाली आर्मेनियन अधिकारी अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमांसाठी भारतात येतात.